फेंटानिल : औषध आणि विष
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणगौरव आणि भोजन यांच्यामध्ये हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. 'आपल्या घरांतून गांजा-अफूचे नावही निघत नाही, मग हे व्याख्यान कोणासाठी?' असे कार्यकारी मंडळातील एका सभासदांनी मला विचारलेही. प्रश्न रास्त आहे. परंतु आताच ज्यांचा सत्कार झाला त्यांत अमेरिकेस उच्च शिक्षणासाठी निघालेली मुलेमुली आहेत, आणि हे विष केवळ व्यसनी माणसालाच गाठते असे नाही. ते झोपेच्या किंवा अंगदुखीच्या साध्या गोळीचे रूप घेऊन येते.

फेंटानिल मुळात औषध आहे, आणि उत्तम औषध आहे, हे भूलतज्ज्ञ या नात्याने मी प्रथम सांगितले पाहिजे. बेल्जियममध्ये डॉ. पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास ते तयार झाले. त्याला अफूचे बोंड लागत नाही; ते सर्वस्वी रसायनांपासून बनते. तथापि मेंदूत मॉर्फीन जेथे काम करते तेथेच तेही करते, आणि सुमारे शंभरपट प्रभावाने करते. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशांत मोजतो. जवळ प्राणवायू असतो, श्वासोच्छ्वासाचे यंत्र असते, आणि आमची नजर रोग्याच्या छातीवर असते. कारण जे द्रव्य वेदना शमविते तेच श्वासही मंदावते. अवघे २ मिलिग्रॅम, मिठाच्या काही कणांएवढे, सवय नसलेल्या माणसाचा प्राण घेण्यास पुरेसे ठरू शकतात.

आता हेच द्रव्य कोणा अडाणी माणसाने चोरट्या कारखान्यात भुकटीत कालवून गोळ्या पाडल्या तर काय व्हावयाचे? घाईघाईने परतलेल्या पोह्यांत मीठ एका घासाला लागत नाही आणि दुसऱ्या घासाला तोंड खारट करते, हे गृहिणींना ठाऊक आहे. या गोळ्यांचेही तसेच असते. एकीत काहीच नाही आणि तिच्याच जोडीच्या गोळीत मृत्यू. वरून मात्र त्या ऑक्सिकोडोन, झॅनॅक्स किंवा ॲडरॉलसारख्या हुबेहूब दिसतात. रंग तोच, छापही तोच. सुप्रसिद्ध गायक प्रिन्स २०१६ साली वारले ते अशाच बनावट गोळ्यांमुळे. आपण नेहमीची वेदनाशामक गोळी घेत आहोत असाच त्यांचा समज असावा, असे तपासाअंती सांगण्यात आले. २०२२ साली अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली, आणि त्यांतील सुमारे ७४ हजार मृत्यूंत फेंटानिलच्या जातीची कृत्रिम द्रव्ये आढळली. २०२४ साली हे आकडे बरेच खाली आले. तरीही ते भयंकरच आहेत.

म्हणून मुलांना 'वाईट संगत धरू नकोस' एवढे सांगून भागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गोळी पुढे करणारा मित्र बहुधा वाईट नसतोच. त्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसते. औषधाच्या दुकानातून, आपल्या नावाच्या चिठ्ठीवर आलेली नाही ती गोळी घ्यावयाची नाही, इतके स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अतिमात्रा झालेला मनुष्य तडफडत नाही, तो झोपतो. घशातून घरघर येते, सोबत्यांना वाटते घोरतो आहे, आणि ते दिवा मालवून निघून जातात. हाक मारून, हलवूनही तो उठत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ निळसर पडले असतील, तर ती झोप नव्हे. ताबडतोब ९११ क्रमांकावर कळवावे, नॅलोक्सोनचा फवारा नाकात मारावा, श्वास थांबला असल्यास तोंडाने द्यावा. नॅलोक्सोन फेंटानिलला मेंदूतील त्याच्या जागेवरून हुसकावून लावते. अमेरिकेत २०२३ पासून हा फवारा चिठ्ठीविना विकत मिळतो. त्याचा प्रभाव तास-दीड तासात ओसरतो, म्हणून रोगी उठून बसला तरी रुग्णालय टाळू नये. मदतीस बोलावणाऱ्यास तेथील बहुतेक राज्यांचे कायदे काही संरक्षण देतात. पण आपल्या मुलांना कायद्यापेक्षा घरचे काय म्हणतील याची धास्ती अधिक असते, आणि तिच्यापायी मोलाची मिनिटे जातात. ती धास्ती आईवडिलांनीच, मूल विमानात बसण्यापूर्वी, शब्दांनी काढून टाकावयाची आहे.

आपल्या घरांतही फेंटानिल येते, हे थोडक्यात सांगतो. कर्करोगाच्या रोग्यांना वेदनेसाठी त्याची चिकटपट्टी देतात. ती जरूर वापरावी. घाबरून रोग्याला तळमळत ठेवू नये. मात्र पट्टीवर गरम पिशवीचा शेक देऊ नये, आणि काढलेल्या पट्टीतही औषध उरते म्हणून ती चिकट बाजू आत दुमडून लगेच नाहीशी करावी. लहान मुलांच्या हाती ती लागून मृत्यू ओढवले आहेत.

ज्यांची मुले येत्या ऑगस्टमध्ये निघणार आहेत त्यांनी भोजनानंतर मला अवश्य भेटावे. नॅलोक्सोनचा फवारा कसा वापरतात ते मी मुलांनाच दाखवीन. पालकांनी सोबत उभे राहावे.