अपघात आणि मेंदूची दुसरी इजा



२४ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फलटणजवळ बाणगंगेच्या पुलावरून माणचे आमदार श्री. जयकुमार गोरे यांची मोटार खाली कोसळली. त्यांच्या छातीस मार लागला, बरोबरची मंडळीही जखमी झाली. आमदारांना उपचारार्थ पुण्यास नेण्यात आले. फलटणहून पुणे शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर मागून आदळणाऱ्या मोटारसायकलस्वारालाही, इजा गंभीर असल्यास, बहुधा हाच पल्ला गाठावा लागतो. त्याचे डोके, चेहरा आणि छाती ही तिन्ही एकाच वेळी ठेचली जातात.

अशा जखमीच्या मेंदूवर दोन आघात होतात. पहिला आदळण्याच्या क्षणी होतो. तो परतविणे कोणाच्याच हाती नाही. दुसरा मागाहून, प्राणवायूच्या अभावी होतो. बेशुद्धावस्थेत जीभ मागे पडते, फुटलेल्या जबड्यातील रक्त घशात उतरते, मोडलेल्या बरगड्यांमुळे श्वास पुरा भरत नाही. कवटीत वाढणाऱ्या सुजेने आधीच दबलेला मेंदू मग उपाशी पडतो. म्हणूनच निष्णात डॉक्टरही डोक्याच्या जखमेआधी श्वास पाहतात.

आपल्याकडे मात्र गर्दी जमते, कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा फोडून हुंगवितो आणि जखमीला दुमडून जीपच्या मागील बाकावर कोंबले जाते. यातील पाणी सर्वांत घातक, कारण ते थेट फुप्फुसात जाऊ शकते. मान, डोके व धड एका रेषेत धरून तिघा-चौघांनी त्याला हळूच कुशीवर वळवावे, म्हणजे रक्त तोंडावाटे बाहेर पडेल. नाकातून पाण्यासारखा स्राव येत असल्यास कवटीचा तळ फुटल्याचा संभव असतो. तेथे बोळा कोंबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

शुद्धी मोजण्याची पद्धत ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण असतात. ८ वा त्याहून कमी असल्यास बहुधा श्वासनलिकेत नळी घालावी लागते. गुणांची बेरीज गावकऱ्याने करण्याचे कारण नाही. पण जखमी किती वाजता बोलला आणि केव्हा गप्प झाला, एवढे शाळेतील गुरुजींनी चिठ्ठीवर लिहून दिले, तरी डॉक्टरांचे मोठे काम होते. कवटीच्या आत रक्त साचू लागले असताही काही जखमी मध्यंतरी नीट बोलतात, आणि घरचे "आता बरा आहे" म्हणून त्यांना माघारी नेतात.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती मोठी आहे, आणि ती अगदीच निराधार होती असेही नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यास संरक्षण दिले व २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आले. जखमीला पोहोचविणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे कलम ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिता येईल. हंगामापूर्वी ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्ट्या लागल्या की नाहीत, तेही त्याच वेळी पाहता येईल.