गाळणी आणि विरजण



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, राजकारण, अध्यात्म असे विषय शोभतात. माशांच्या पेटीची गाळणी हा विषय ऐकून काहींनी आमच्याकडे कौतुकाने पाहिले, तर काहींनी काळजीने. परंतु धामणगावसारख्या गावीही आता दिवाणखान्यांतून काचेच्या पेट्या दिसू लागल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक पुढच्याच वर्षी माळ्यावर पालथ्या पडलेल्या दिसतात, हेही तितकेच खरे. मुलाच्या वाढदिवसाला पेटी येते, त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे येतात. पहिला आठवडा घरात उत्सव असतो. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, आणि महिना भरायच्या आत मुलाचा डोळा चुकवून आई शेवटचा मासा तुळशीच्या कुंडीत पुरते. "त्याईले आपलं पानी नाई मानवलं," एवढे म्हटले की आपण वऱ्हाडी माणसे मोकळी! पाण्यावरचा हा आरोप आम्हांला तरी बहुधा खोटा वाटतो. पाणी तेच असते. त्यात जे असावयास हवे ते अजून जन्मलेले नसते, एवढेच.

'गाळणे' हा शब्द आपल्याला फार चांगला कळतो, आणि म्हणूनच तो येथे आपल्याला फसवतो. आपल्या आज्या-पणज्या घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके बांधीत, रांजणाला आतून निवळीचे बी घासून लावीत, तुरटी फिरवीत. शाळेच्या पुस्तकातली ती एकावर एक ठेवलेल्या माठांची, कोळशाची आणि वाळूची गाळणीही आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. या साऱ्यांनी पाणी निवळते, म्हणजे डोळ्याला स्वच्छ दिसते. परंतु माशाचा खरा मळ डोळ्याला दिसणारा नसतोच. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अहोरात्र अमोनिया बाहेर टाकीत असतो. उरलेले खाणे कुजते, गळालेले पान कुजते, त्यांतूनही तोच निघतो. तो पाण्यात विरघळलेला असतो. त्याला रंग नाही, गाळ नाही. त्याला कोणते फडके अडवणार? पाणी आरशासारखे लख्ख असावे आणि त्यात मासे तडफडावेत, हा प्रकार त्यामुळेच घडतो.

मग तो अमोनिया जातो कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रयोगाने दिले तो माशांचा नव्हताच. 1877 साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत भाजलेली वाळू आणि थोडी चुनखडी भरली आणि तीतून गटाराचे पाणी अगदी सावकाश, थेंबाथेंबाने जाऊ दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून अमोनिया जाई, खालून अमोनियाच येई. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. केवळ रसायनाचा खेळ असता तर पहिल्याच दिवशी व्हावयास हवा होता. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम जागच्या जागी थांबले. पुढे क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी ते आपण होऊन सुरू होईना. तेव्हा थोडी सुपीक माती पाण्यात कालवून ते गढूळ पाणी वरून ओतले, आणि काही दिवसांत काम पूर्ववत सुरू झाले. वाळू तीच, पाणी तेच; काम करणारे जीव मेले होते, ते मातीतून पुन्हा आले.

आम्हांला या प्रयोगातले ते वीस दिवस फार बोलके वाटतात. नव्या पेटीत मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मरतात, याचे उत्तर त्यांत आहे.

येथे एका बापलेकांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनज्ञ होते. त्यांनी 1850 साली एक निबंध वाचला. काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या, आणि पाणी न बदलता तो संसार चालू राहिला. घरगुती मत्स्यपेटीची सुरुवात पुष्कळजण तेथूनच मोजतात. (ही व्हॅलिस्नेरिया, ती लांब फितीसारखी पाने असलेली, आपल्या विदर्भातल्या तलावांतही आपण होऊन वाढते, साहेबाच्या देशातून मागवावी लागत नाही.) बापाने भांडे चालवले, पण ते का चालते याचा अर्धाच भाग त्यांना ठाऊक होता. उरलेला अर्धा शोधण्यात त्यांच्या मुलाचा वाटा मोठा. त्याचेही नाव रॉबर्टच. रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात त्याने फ्रेंचांचा प्रयोग पडताळला आणि हे काम दोन पायऱ्यांनी होते असे दाखवले: अमोनियाचे आधी नायट्राइट होते, मग नायट्राइटचे नायट्रेट. विनोग्राडस्कीने ते जंतू वेगळे काढले 1890 च्या सुमारास. कपाशीला युरिया टाकणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंच्या वावरात दर वर्षी हेच घडते. फरक इतकाच की वावरात ते जंतू पिढ्यान् पिढ्या वस्तीला आहेत, नव्या पेटीत ते नाहीत.

गेल्या काही वर्षांत या कथेत आणखी भर पडली. पेटीतले दुसऱ्या पायरीचे काम पुस्तकी नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा करतो, असे 1998 मध्ये दिसले. आणि त्याच कुळातले काही जीव दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात, हे 2015 मध्ये कळले. आपल्याला येथे एवढेच पुरे की हे जीव सावकाश वाढतात. दुधातले सामान्य जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतील. यांना दुप्पट व्हायला दिवसाच्या आसपास लागतो. शिवाय ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात, स्पंजाला, खड्याला, पानाला. म्हणून गाळणी म्हणजे चाळण नव्हे. ते या जीवांचे बिऱ्हाड आहे. कचरा अडवणे हे तिचे दुय्यम काम.

हे पटले की बाकीचे सोपे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी पेटी घ्या. वाळू-दगड वजा जाता तिच्यात एकशेदहा लिटरच्या आसपास पाणी राहते. तासाला ते चार-पाच वेळा गाळणीतून जावे, म्हणजे ताशी पाचशे लिटरचा पंप. खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र रिकाम्या पंपाचा असतो. आत स्पंज भरल्यावर तो बराच उतरतो, तेव्हा एक पायरी वरचा घ्यावा. पाणी आधी जाड स्पंजातून जावे, मग बारीक, आणि शेवटी सच्छिद्र खड्यांतून. दुकानातल्या चिनीमातीच्या नळ्या चांगल्याच, पण नीट भाजलेल्या विटेचे धुतलेले तुकडेही हे काम करतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. कोळसा नेहमी लागत नाही; औषध काढून टाकायला किंवा पाण्याचा पिवळेपणा घालवायला तो ठेवावा, आणि त्याची शक्ती काही आठवड्यांत संपते हे विसरू नये. लहान पेटीला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंजही पुरतो. महागडे डबे घ्यायला आमची हरकत नाही. केवळ त्यांनीच मासे जगतात असे मात्र कोणी सांगू नये.

वनस्पतींची पेटी असेल तर गाळणीचे निम्मे काम वनस्पतीच करतात. अमोनिया हे त्यांचे आवडते अन्न. नायट्रेटपेक्षा पुष्कळ पाणवनस्पती तोच आधी घेतात. म्हणून पहिल्याच दिवशी पेटी दाट लावावी. चार काड्या रोवून उरलेली जागा पुढे भरू, हा विचार खर्चाच्या दृष्टीने ठीक, माशांच्या दृष्टीने वाईट. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजातल्या मंडळींनी जुन्या तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावून मासळी परत आणण्याचे काम केले आहे. ते यापेक्षा फार मोठे, पण तत्त्व त्याच जातीचे. दिवा रोज सहा ते आठ तासच. रात्री याच वनस्पती प्राणवायू खातात, तेव्हा गाळणी रात्री बंद करणे म्हणजे चार पैशांच्या विजेसाठी पेटी मोडणे होय.

आता आपल्या गावच्या अडचणी. पहिली पाण्याची. आपल्याकडचे विहिरी-बोअरचे पाणी जड असते. ते या जंतूंना मानवते, कारण त्यांना कार्बोनेट लागते. परंतु अशा पाण्याचा सामू वर असतो आणि त्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. सामू 7 आणि उष्णता 25 अंश असता एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग घातक रूपात असतो. सामू 8 आणि 30 अंश असता तोच शेकडा सात-आठ होतो. तेव्हा पुण्याच्या मित्राच्या पेटीत चालले ते धामणगावच्या वैशाखात चालेलच असे नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली असते. श्लोझिंगच्या क्लोरोफॉर्मसारखेच ते आपल्या बिऱ्हाडकरूंना मारते. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा हायपोचे चार खडे टाकावेत. वाळू नदीची चालते. तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे, बुडबुडे आले तर चुनखडी आहे. आपली काळी माती शेतात सोने असली तरी पेटीत घालू नये. तिचा गाळ खाली बसता बसत नाही.

दुसरी अडचण उन्हाळ्याची आणि विजेची, आणि ही दोन्ही संकटे जोडीने येतात. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांच्या पाण्यात सातच. त्यात वीज गेली की गाळणीतला प्रवाह थांबतो, आणि बंद डब्यातले जंतू काही तासांत गुदमरतात. पाच-सहा तासांनी वीज आली तर तो डबा तसाच सुरू करू नये; आतले सडके पाणी फेकून, स्पंज खळबळून मग लावावा. उघडा स्पंज पेटीतच असतो, म्हणून आपल्या भागात आम्ही त्यालाच अधिक गुण देतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरात असावा.

स्पंज धुण्याविषयी गृहिणींना एक विनंती. आपली स्वच्छतेची आवड थोर आहे, पण स्पंज नळाखाली धरून, साबण लावून पांढरा करू नका. पेटीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो दोनदा पिळला की झाले. दह्याचे भांडे धुताना आपण विरजणाचा चमचा बाजूला काढतोच ना?

आणि विरजणच लावायचे आहे. ज्याच्या घरी वर्षभर चाललेली निरोगी पेटी आहे, त्याच्याकडून जुन्या स्पंजाचा तुकडा ओल्या कापडात आणावा आणि आपल्या गाळणीत घालावा. चार-सहा आठवड्यांचे काम पुष्कळदा दोनांवर येते. विरजण न मिळाले तर चिमूटभर खाणे रोज रिकाम्या पेटीत टाकून अमोनिया निर्माण करावा आणि तपासणीच्या थेंबांनी पाहत जावे: आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते. हे नायट्राइटही कमी नाही. त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहीनासे होते. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले म्हणजे चार मासे सोडावेत. आणखी दोन आठवड्यांनी चार. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी तुळशीला घालावे, तिला ते फार मानवते.

यंदा ज्यांना पेटी मांडावयाची असेल त्यांनी या वैशाखात घाई करू नये. मृग लागून हवा निवली की वाळू, वनस्पती आणि गाळणी लावून घ्यावी, पाणी चालू ठेवावे, मुलांना रोजचे थेंब मोजून वहीत मांडायला द्यावेत. मासे श्रावणात आणावेत.