चावडीवर आपली जागा

(पुण्यात स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



गावची चावडी आपल्याला ठाऊक आहे. तिथे गावाचे निर्णय होत. पिढ्यान्‌पिढ्या बाई तिथे गेली ती बहुधा फिर्यादी म्हणून नाहीतर आरोपी म्हणून; निवाडा करणारी म्हणून नाही. मराठी विकिपीडियावर सदस्य जिथे चर्चा करतात, त्या पानाचे नावही ‘चावडी’च आहे. आज मी या चावडीविषयी बोलणार आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. कोणीही वाचावा, कोणीही लिहावा असा हा ज्ञानकोश. मानधन नाही, पगारी संपादक मंडळ नाही. पण कोणीही लिहू शकते म्हटले की कोणी शिवीगाळ लिहितो, कोणी स्वतःची जाहिरात करतो, कोणी पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उतरवतो. हे निस्तरायला सदस्य आपल्यातूनच काहीजणांना निवडतात. त्यांना ‘प्रचालक’ म्हणतात. तेही नोकरी-घर सांभाळून काम करणारे स्वयंसेवकच. त्यांना पान वगळता येते, वगळलेले परत आणता येते, पानावर लिहिणे बंद ठेवता येते आणि एखाद्या सदस्याला अडवता येते.

अधिकार किरकोळ वाटतात, पण तसे ते नाहीत. शाळकरी मुलगी असो की वार्ताहर, माहितीसाठी पहिल्यांदा तिथेच जाते. जे तिथे नाही ते घडलेच नाही, असा समज सहज होतो. म्हणून काय राहील आणि काय जाईल हे ठरवणारा हात कोणाचा, हा प्रश्न आपला आहे. विकिमीडिया फाउंडेशनच्या २०११ सालच्या सर्वेक्षणात जगभरच्या संपादकांत स्त्रिया सुमारे ९ टक्केच आढळल्या होत्या.

कार्यशाळेत मैत्रिणी मला हमखास विचारतात, “आम्ही एका कार्यकर्तीवर लेख लिहिला, तो काढून का टाकला? बाईवरचा म्हणून?” याचे उत्तर सरळ नाही. डोना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या शास्त्रज्ञ. त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८ मध्ये नाकारला गेला. कारण दिले होते, पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, आणि मग लेख झाला. मसुदा नाकारणाऱ्याने नियमच पाळला होता. पण नियम म्हणतो, इतरांनी लिहिलेले दाखवा. आणि बाईच्या कामावर इतर लिहीतच नाहीत! म्हणजे कोणाचाही दुष्ट हेतू नसताना, नियम प्रामाणिकपणे पाळूनही जुना अन्याय पुढे चालू राहतो. आपल्याला हे नवे नाही.

मग नियमच नको का? मी तसे म्हणणार नाही. संदर्भांचा आग्रह सुटला तर बाईविषयीची बदनामीही तितक्याच सहजतेने छापली जाईल. प्रश्न नियम कसा वापरायचा याचा आहे. जबाबदार प्रचालक पान वगळण्याआधी स्वतः संदर्भ शोधतो, लिहिणारीला कारण सांगतो, मुदत देतो, मजकूर तिच्या ‘धूळपाटी’वर, म्हणजे सरावाच्या पानावर, हलवून देतो. नवखीला एका ओळीची सूचना चिकटवून पान उडवले तर नियम वाचतो, पण बाई परत येत नाही.

दुसरी बाजू गोपनीयतेची. मथुरा प्रकरणानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा झाला. आज ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. विकिपीडियावर कोणी असे नाव टाकले आणि दुसऱ्याने ते खोडले, तरी पानाच्या इतिहासात ते शिल्लक राहते. कोणीही उघडून पाहू शकते. ती जुनी आवृत्ती झाकणे प्रचालकालाच जमते. खुद्द प्रचालकांनाही ती दिसू नये असे झाकण्याचा अधिकार त्याहून मोजक्या लोकांकडे असतो. अशी गोष्ट चावडीवर बोभाटा न करता, खाजगीत कळवावी. एरवी सारे काही उघड असावे असे मी म्हणते, पण इथे मौनच न्याय्य आहे.

आता सत्तेविषयी. आपल्या गटांत ‘आमच्यात कोणी पुढारी नाही’ असे आपण अभिमानाने म्हणत आलो. अमेरिकन स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी १९७२ साली छापलेल्या एका गाजलेल्या निबंधात दाखवले की रचना नाकारली म्हणून सत्ता नाहीशी होत नाही. ती मैत्रिणींच्या आतल्या वर्तुळात लपते आणि तिला जाब विचारता येत नाही. स्वयंसेवी ज्ञानकोशालाही हे लागू पडते. क्रोएशियन विकिपीडियावर सुमारे दहा वर्षे प्रचालकांच्या एका कट्टर राष्ट्रवादी टोळक्याने कब्जा ठेवला, युद्धकाळातल्या फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले आणि विरोध करणाऱ्यांना अडवले. २०१३ साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना त्यावर विसंबू नका असे सांगितले. भाषिक समाज लहान, लक्ष ठेवणारे थोडे, की असे घडू शकते. मराठी ज्ञानकोशातही लिहिणाऱ्यांच्या मानाने प्रचालक मूठभरच. म्हणून आपण सावध असावे.

यावर उपाय तसे साधे आहेत. ज्या वादात आपण स्वतः पक्षकार आहोत, तिथे प्रचालकाचे अधिकार वापरू नयेत. दुसऱ्या प्रचालकाला बोलवावे. कारवाईचे कारण शब्दांत नोंदवावे. प्रत्येक वगळणे, प्रत्येक अडवणे नोंदींत दिसतेच, पण कारण लिहिले नसेल तर ती नोंद मुकी राहते. अडवलेल्याला दाद मागायची वाट मोकळी हवी. आणि अधिकार दिला तसा काढूनही घेता यायला हवा. कामाच्या ठिकाणच्या तक्रार समित्यांकडून आपण हेच मागत आलो ना? दोन्ही बाजू ऐका, कारण द्या, हितसंबंध असेल तर बाजूला व्हा. जे इतरांकडून मागतो ते आपल्या माणसांकडूनही मागितले पाहिजे. आपल्या विचारांचा प्रचालक विरोधकाला कारण न देता अडवतो तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत.

शेवटी आपण काय करायचे? एक, लिहायचे, आणि ८ मार्चपुरते नाही, वर्षभर. ‘अलीकडील बदल’ हे पान रोज दहा मिनिटे पाहिले तरी खूप होते. दोन, आपला इतिहास छापून ठेवायचा. पत्रके, स्मरणिका, मोर्चांच्या तारखा आपल्या कपाटांत पडून आहेत. कपाटातला कागद संदर्भ होत नाही. अशा नियतकालिकांत नाव-गाव-सालासह छापलेला लेख होऊ शकतो. मात्र प्रत्येकीने स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या संघटनेच्या कामावर लिहावे. तरच तो स्वतंत्र संदर्भ ठरेल. तीन, दोन-तीन वर्षे काम करून विश्वास कमावला की प्रचालकपदासाठी उभे राहायचे. हे काम कंटाळवाणे आहे. झाडलोट, भांडणे सोडवणे, शिव्या खाणे. ‘हे तर घरी करतोच’ असे तुम्ही म्हणाल. फरक एवढाच, की इथे झाडलोट करणाऱ्याच्या हातात निवाडाही असतो.

चावडीवर फिर्याद घेऊन आपण पुष्कळदा गेलो. आता तिथे बसायला जाऊ या, आणि बसल्यावर आपल्याही निवाड्याचा जाब कोणीही विचारू शकेल अशा बेताने बसू या.