भावचिन्हे आणि न दिसणारा वाचक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नांदेड येथे केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, ती मी शिरसावंद्य मानली. मी काही वक्ता नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला, लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील शाळांत हयात घालविली आणि निवृत्त झालो. निवृत्तीनंतर काचबिंदूने माझी दृष्टी नेली. हा रोग चोरपावलांनी येतो आणि गेलेली दृष्टी परत देत नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांतील दाब वेळोवेळी तपासून घ्यावा, एवढी विनंती प्रारंभीच करून ठेवतो आणि विषयाकडे वळतो.

आपल्या लहानपणी घरी आलेले पत्र उघडण्यापूर्वीच त्यातील वार्ता कळत असे. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असले की लग्नकार्य. आणि पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला, वर ‘श्री’ लिहिलेले नसले, की घरातील बायामाणसांच्या काळजात चर्र होई. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही ती खूण समजे. आणि ज्याला दिसत नव्हते त्याच्याही बोटांना तो तुटका कोपरा लागे. मात्र कोण गेले, केव्हा गेले आणि दहावा कधी, हे खुणेवर सोडून दिलेले नसे. ते शब्दांनीच लिहिलेले असे.

आज पोस्टकार्डाची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे आणि हळदकुंकवाच्या बोटांची जागा भावचिन्हांनी, म्हणजे तरुण मंडळी ज्यांना स्माइली किंवा इमोजी म्हणतात त्यांनी, घेतली आहे. या चिन्हांचा इतिहास मनोरंजक आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचविले की, संगणकावर विनोदाने लिहिलेल्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ व कंस अशी तीन चिन्हे टाकावीत. मान वाकडी करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. पुढे १९९९ साली जपानच्या एका दूरध्वनी कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिमुकली चित्रे तयार केली. २०१० साली युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात अशा चित्रांना स्थान मिळाले. तेव्हापासून प्रत्येक चित्राला एक ठरावीक क्रमांक आणि एक ठरावीक नाव आहे. डोळसांना त्या नावाची गरज पडत नाही. आम्हां दृष्टिहीनांना मात्र त्या नावाखेरीज दुसरे काही मिळत नाही.

आपण विचाराल, ज्याला दिसत नाही तो संदेश वाचतो कसा? ब्रेल लिपी थोर खरी. परंतु उतारवयात दृष्टी गेलेल्या माझ्यासारख्याच्या बोटांना तिचे सहा ठिपके सहजासहजी वश होत नाहीत. आमचा आधार स्क्रीन रीडर. पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणारी ही व्यवस्था आहे. आयफोनमध्ये ती व्हॉइसओव्हर या नावाने आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक या नावाने असते. तिला निराळे मोल पडत नाही. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा विनामूल्य स्क्रीन रीडर आहे. तो ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ साली रचावयास घेतला. चिन्ह आले की स्क्रीन रीडर त्याचे नाव उच्चारतो. नाव मराठीत येईल की इंग्रजीत, हे निवडलेल्या आवाजावर अवलंबून असते. पूर्वीच्या त्या अपूर्णविरामी चेहऱ्याचे मात्र हाल होतात: तो एकतर ‘अपूर्णविराम, रेघ, कंस’ असा तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो किंवा मुळीच वाचला जात नाही.

आता माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. अहमदपूरकडील माझे एक बालमित्र वारले. समाजाच्या गटावर वार्ता आली, अंत्यविधीची वेळ सायंकाळी चारची दिली होती. खाली एकेकाचे संदेश येऊ लागले आणि माझा फोन बोलू लागला: जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. इतक्यात एका वयोवृद्ध गृहस्थांच्या नावापुढे फोन म्हणाला, आनंदाश्रू ढाळणारा चेहरा! मी थरकलो. हे गृहस्थ मृताचे जिवलग. मी तत्काळ त्यांना दूरध्वनी केला. ते गहिवरून म्हणाले, “गुरुजी, मला तर त्याच्या डोळ्यांत पाणी दिसले हो!” हेच ते चिन्ह, जे २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडले होते, ते हसता हसता डोळ्यांत पाणी आल्याचे चिन्ह आहे. नातवाकडून त्यांनी ते पुसून घेतले. मृताच्या मुलांनी ते पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते!

परंतु प्रसंग तेथे संपला नाही. काही अडचणीमुळे अंत्यविधीची वेळ चारावरून एकवर आणल्याचा निरोप त्याच गटावर आला होता. कोणी एकदा हात जोडले होते, कोणी दहा वेळा. माझा फोन ते एकेक करून मोजीत होता. काही फोन तीच चिन्हे सलग आल्यास संख्या सांगून मोकळे होतात, माझा तसे करीत नाही. ऐकून ऐकून कंटाळलो आणि फोन खिशात ठेवून दिला. मी लातूरहून एस.टी.ने पोहोचलो तेव्हा सरणाची धग तेवढी अंगाला लागली. पन्नास वर्षांच्या मित्राला खांदा देणे माझ्या नशिबी आले नाही. यात कोणाचा अपराध नाही. सर्वांनी प्रेमानेच हात जोडले होते. पण त्या जोडलेल्या हातांच्या गर्दीत एक शब्द मला सापडला नाही.

म्हणून ही चिन्हे बंद करा असे मी म्हणेन काय? मुळीच नाही. माझी नात पुण्यास शिकते. “आजोबा, तुम्ही फारच कडक मास्तर होता,” असे तिने लिहिले तर ती रुसली की थट्टा करते, हे छापील शब्दांवरून मला कसे कळावे? शेवटी फोन ‘डोळा मिचकावणारा चेहरा’ म्हणतो आणि मीही एकटाच हसतो. ज्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही त्याला चेहऱ्याचे नावदेखील मोठे धन आहे. मीही चिन्हे पाठवितो. बोट ठेवताच नाव ऐकू येते, म्हणून माझी निवड चुकत नाही.

तेव्हा समाजबांधवांपुढे माझ्या विनंत्या आहेत. आधी शब्द लिहावा, चिन्ह शेवटी ठेवावे आणि ते एकच ठेवावे. शब्दाच्या जागी किंवा वाक्याच्या मधोमध चिन्ह घालू नये. अर्थाची शंका असेल ते चिन्ह पाठवू नये. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द कोणत्याही चित्राहून अधिक भरवशाचे आहेत. लग्नपत्रिकेचे केवळ छायाचित्र पाठविले तर माझा फोन बहुधा ‘चित्र’ एवढेच म्हणून गप्प बसतो. म्हणून तिथी, वेळ व स्थळ खाली अक्षरांतही लिहावे. वेळ बदलल्यास निरोपासोबत एक दूरध्वनीही करावा. आणि चिटणीसांना माझी नम्र सूचना अशी की, आपल्या गटाच्या नावापुढील दोन समया, तीन फुले आणि एक ध्वज काढून टाकावा. प्रत्येक निरोपापूर्वी त्या सर्वांचे नामस्मरण मला घडते!

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि माहिती सर्वांना सुगम असावी असे तो सरकारास बजावतो. घरच्या निरोपाला कायदा कशाला लागतो? तेथे आपुलकी पुरेशी आहे. आज मी एकटा बोलतो आहे. पण आपल्यापैकी अनेकांची दृष्टी वयोमानाने मंदावणार आहे. वृद्ध मनुष्य गटात असूनही समाजाबाहेर पडू नये, एवढेच माझे मागणे आहे.