बिडी गरिबाची, पण साधी नव्हे

(गावाकडे कोरडवाहू शेती असलेल्या उपनगरांतील कुटुंबांच्या घाटकोपर येथील बैठकीत केलेले भाषण)



१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी माणसे या पूर्व उपनगरांत आली, ती इथलीच झाली. आजही कपाशीची वेचणी, ज्वारीची काढणी आटोपली की घरचा एखादा पोरगा घाटकोपर-मुलुंडला बिगारीला, नाहीतर अंधेरीला रात्रपाळीच्या पहाऱ्याला येतो. झोप मारायला बिडी, भूक मारायला बिडी. विचारले तर म्हणतो, "सिगारेट वाईट. आपली बिडी पानाची, साधी."

ही समजूत मुंबईतच खोटी ठरली आहे. १९९१ पासून येथे पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांच्या नोंदी घेतल्या आणि पुढे कोण जगले, कोण दगावले ते पाहिले. निष्कर्ष २००५ साली छापून आले. तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त, तर बिडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी जास्त!

कारण समजायला सोपे आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून सारखे झुरके ओढावे लागतात आणि धूर छातीत खोल जातो. त्यातून घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, दमा लागतो. क्षयाचा धोका वाढतो. मावा पडला की तंबाखूचा काढा फवारणारे जुने शेतकरी तुम्हाला आठवत असतील. किडीला मारणारे त्यातले निकोटिनच माणसाला चटक लावते.

मी कीर्तन करायला उभा नाही, हिशेब मांडतो आहे. रोजचे वीस रुपये धरा. वर्षाचे ७३०० झाले. कपाशीच्या बियाण्याच्या आठ पिशव्या धुरात गेल्या. आणि दुखणे निघाले तर? परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर मुक्काम टाकलेली गावाकडची कुटुंबे तुम्ही पाहिली आहेत. शेतमालाला भाव नाही म्हणून आधीच कर्ज, त्यावर हे दुसरे.

सोडायची कशी? तारीख ठरवा, घरात सांगा, बंडल आणि काडेपेटी दोन्ही टाकून द्या. तल्लफ काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, चार पावले चाला. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, झोप उडेल; महिनाभरात बहुतेक निवळते. बिडी सोडून तंबाखू किंवा खर्रा धरू नका. तो सुटकेचा रस्ता नव्हे. फार जड गेले तर डॉक्टरांना विचारून निकोटिनची गोळी चघळता येते. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

मध्येच एखादी ओढली गेली तर हाय खाऊ नका. हरळी एका खुरपणीत जात नाही, म्हणून कोणी वावर पडीक टाकत नाही. पुन्हा खुरपा. बिडी सुटून वर्ष झाले की हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

गावाकडे फोन कराल तेव्हा पाऊसपाणी विचारता, बाजारभाव विचारता. आता बापाला हेही विचारा, "आबा, बिडी किती झाल्या?"