शिकागोतला लझारस



२ मार्च १९०८ची सकाळ. शिकागोचे पोलीसप्रमुख जॉर्ज शिप्पी यांच्या दारात एक परका तरुण उभा राहिला आणि त्याने त्यांच्या हातात एक लिफाफा दिला. शिप्पींना त्याचा संशय आला. त्यांनी त्याचे हात धरले, झटापट झाली, गोळ्या सुटल्या. शिप्पींचा मुलगा आणि गाडीवान जखमी झाले. तो तरुण जागीच ठार झाला.

त्याचे नाव लझारस आव्हरबुख. वय जेमतेम एकोणीस. मूळचा रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हचा. तिथे १९०३च्या ईस्टरमध्ये ज्यूंवर जमाव चालून गेला, त्यात ४९ माणसे मारली गेली. आव्हरबुख कुटुंब त्यातून वाचले आणि सरहद्द ओलांडून चेर्नोविट्झला गेले. पुढे लझारस बहिणीकडे, ओल्गाकडे शिकागोला आला. आल्याला काही महिनेच झाले होते. बाजारपेठेत एका व्यापाऱ्याकडे तो अंडी पेट्यांत भरायचे काम करी.

काळ वाईट होता. १९०७च्या मंदीने हजारो हात रिकामे केले होते, बेकारांचे मोर्चे निघत होते. १९०१ साली अध्यक्ष मॅकिन्लींचा खून एका अराजकवाद्याने केला होता. जेमतेम आठवड्यापूर्वी डेन्व्हरमध्ये एका धर्मगुरूचा चर्चमध्येच खून झाला होता, आणि त्याचा ठपकाही अराजकवाद्यांवरच ठेवला जात होता. तेव्हा शिप्पींच्या दारातला पोरगाही अराजकवादीच, हे पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी तपासाआधीच ठरवून टाकले. ओल्गाला पकडून नेले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनहून परदेशी अराजकवाद्यांना हुडकून देशाबाहेर काढण्याचा हुकूम सुटला.

त्या दिवसांतले एक छायाचित्र उपलब्ध आहे. लझारसचा मृतदेह खुर्चीवर बसवलेला आहे आणि मागे उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने त्याचे डोके दोन्ही हातांनी सरळ धरले आहे. मी ते बराच वेळ पाहिले. ज्याच्यावर अजून कुठलाही आरोप सिद्ध झालेला नव्हता, त्याच्या प्रेताची ही अशी मिरवणूक. याला क्रौर्यच म्हणायचे.

पुढे त्याला बेवारशांच्या दफनभूमीत पुरले, धर्मविधींशिवाय. शिकागोतल्या हल हाऊस या समाजसेवा केंद्राच्या जेन ॲडम्स यांनी मात्र पाठ फिरवली नाही. त्यांच्या पुढाकाराने हॅरॉल्ड इकीज या तरुण वकिलाने ओल्गाची बाजू घेतली. प्रेत पुन्हा उकरून तपासले, तेव्हा मेंदू काढून घेतलेला आढळला. मृतदेह अखंड पुरला जावा, अशी ज्यूंची श्रद्धा. तिचीही कुणाला पर्वा नव्हती. अखेर ज्यू समाजाने त्याला आपल्या दफनभूमीत नेले. आपल्या लेखात ॲडम्सबाईंनी लिहिले, की झारच्या पोलिसांना भिऊन पळून आलेल्या माणसांना इथेही तोच अनुभव आला. मला त्यांचे हे म्हणणे पूर्णपणे पटते.

लझारस त्या दारात का गेला? काहींचा तर्क असा, की त्याला शहर सोडायचे होते आणि जन्मभूमीतल्या रीतीप्रमाणे पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. खरे कारण त्याच्याबरोबर गेले.

चौकशीच्या ज्युरीने शिप्पींना निर्दोष ठरवले. ओल्गा अमेरिका सोडून युरोपात परतली. अराजकवाद्यांच्या ज्या कटाच्या नावाने सारे शहर घाबरले, त्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही.