यादीत कोण नाही?

दिवेलागणीची वेळ आहे, कोणी भाकरी थापत असेल, कोणी लेकरांना अभ्यासाला बसवत असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

एरवी आम्ही कर्जाच्या हप्त्यांचं बोलतो, शेळीपालनाचं बोलतो, बँकेच्या कागदांचं बोलतो. आज जरा लांबचं, जर्मनी देशाचं बोलणार आहोत. कारण असं झालं. मागच्या महिन्यात बैठकीला आमच्यातल्या एकीची बारावीतली मुलगी इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती. हिटलरने लाखो माणसं मारली तो धडा होता. वाचता वाचता तिने मान वर करून विचारलं, "हे चाललं होतं तेव्हा तिथल्या बाया काय करत होत्या?"

आम्हा बारा जणींपैकी एकीलाही सांगता येईना. आम्ही संयोजिका, बी.ए. झालेल्या, पण आमच्याही अभ्यासात लढाया होत्या, तारखा होत्या, बाया नव्हत्या. मग आम्ही पुस्तकं मिळवून वाचलं. जे कळलं ते सांगतो.

आधी थोडं मागचं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता. 1929 नंतर जगभर मंदी आली आणि जर्मनीत सुमारे 60 लाख माणसं बेकार झाली. घरात खायला नाही, हाताला काम नाही. अशा वेळी हिटलर आणि त्याचा नाझी पक्ष म्हणू लागला की तुमच्या हालाला ज्यू लोक जबाबदार आहेत. 30 जानेवारी 1933 ला हिटलर सत्तेवर बसला.

ज्यू म्हणजे कोण, असं काहीजणी विचारतील. आपल्या कोकणात, अलिबागच्या बाजूला, तेलाचे घाणे चालवणारे लोक होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. ते बेने इस्रायल, म्हणजे ज्यूच. आपल्याकडे ते शेकडो वर्षं शेजाऱ्यांसारखे राहिले. जर्मनीत ज्यू सुमारे पाच लाख होते, शंभरात एकसुद्धा नाही. कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार, कोणी शिंपी.

नाझींचा विचार असा होता की जर्मन लोकांचं रक्त श्रेष्ठ आहे आणि ते शुद्ध राहिलं पाहिजे. ज्यू, रोमा म्हणजे भटके लोक, अपंग, मनाने आजारी, सगळे त्यांच्या लेखी कमअस्सल. याला शास्त्राचा मुलामा देणारे प्राध्यापकही होते. 'युगान्त' लिहिणाऱ्या आपल्या इरावतीबाई कर्वे हिटलर येण्याच्या काही वर्षं आधी बर्लिनला शिकायला होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवणच वेगळी, असं फिशर यांना वाटत होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाप्रमाणे तसा फरक दिसत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. पुढे त्याच फिशर यांचं शास्त्र नाझींच्या कामी आलं.

आता बायांकडे येऊ. हा विचार बायांपर्यंत कसा पोचला? भाषणांतून पोचलाच, पण त्याहून जास्त तो कर्जातून, स्वयंपाकातून आणि मानसन्मानातून पोचला.

1933 मध्ये सरकारने लग्नासाठी कर्ज काढलं. एक हजार मार्कपर्यंत, बिनव्याजी. कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी ही रक्कम. रोख मिळायची नाही, भांडी-कुंडी, पलंग-कपाट घेण्याच्या चिठ्ठ्या मिळायच्या. फेड दरमहा फक्त एक टक्का. आणि एक मूल झालं की चौथा हिस्सा माफ! चार मुलं झाली की कर्ज फिटलं. आपण कर्जाच्या अटी वाचणाऱ्या बाया आहोत, तर याच्या अटी ऐका. नवरीने नोकरी सोडायची. ही अट पुढे कारखान्यांना हात कमी पडले तेव्हा काढली. दुसरी अट, डॉक्टरचा दाखला हवा की घराण्यात आनुवंशिक आजार नाही. आणि ज्यूंना हे कर्ज नाही.

मग आला मातांचा क्रॉस, म्हणजे पदक. चार मुलं असतील तर कांस्याचं, सहा असतील तर चांदीचं, आठ झाली तर सोन्याचं. मे 1939 मध्ये मातृदिनाला ही पदकं पहिल्यांदा वाटली. बाळंतपणं काढून काढून शिणलेल्या बाईला गावासमोर मान मिळाला. तिला बरं वाटलं असणारच, आपल्यालाही वाटलं असतं. पण पदकाआधी घराची चौकशी व्हायची. घर नीटनेटकं आहे का, नवरा दारुडा आहे का, आजार आहे का, रक्त कोणाचं आहे. आठ मुलं असूनही ज्यू आईला ते मिळणार नव्हतं.

स्वयंपाकघरात नाझी राजवट कशी शिरली ते बघा. हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी एकाच भांड्यात शिजवलेलं साधं कालवण खायचं आणि वाचलेले पैसे गरिबांच्या मदतनिधीला द्यायचे. ऐकायला किती चांगलं! गोळा करायला माणूस दारात यायचा. कोण देतं, कोण देत नाही, हे त्याला कळायचं. शिवाय दर 40 ते 60 घरांमागे पक्षाचा एक गल्लीप्रमुख असायचा. कोणाच्या खिडकीत झेंडा नाही, कोण ज्यू दुकानात जातं, याच्यावर त्याची नजर.

आणि रेडिओ. आम्ही रेडिओवरूनच बोलतो आहोत, म्हणून हे सांगायलाच हवं. सरकारने 76 मार्कांत 'जनतेचा रेडिओ' काढला, पुढे आणखी स्वस्त काढला. घरोघर आवाज पोचला, पण तो एकच आवाज होता. 1 सप्टेंबर 1939 ला युद्ध सुरू झालं, त्याच दिवशी परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा ठरलं. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. लोक डोक्यावर गोधडी घेऊन, आवाज बारीक करून ऐकायचे आणि शेजारच्या भिंतीला घाबरायचे.

बायांची मोठी संघटनाही होती. तिच्या प्रमुख होत्या गेरट्रूड शोल्ट्स-क्लिंक. लाखो बाया तिच्या सभासद. स्वयंपाकाचे वर्ग, बाळाच्या संगोपनाचे वर्ग, जुन्या कपड्यांतून नवे शिवण्याचे वर्ग. खरं सांगायचं तर हे वाचताना आम्हाला आमचाच अहवाल वाचल्यासारखं वाटलं आणि अंगावर काटा आला. काम तेच होतं. फरक एवढाच की तिथे बाईला आपलं मत मांडायला जागा नव्हती आणि दारात कोणाला घ्यायचं ते आधीच ठरलं होतं.

दाराबाहेर राहिलेल्यांचं काय झालं? 1934 पासून आनुवंशिक आजाराच्या नावाखाली सुमारे चार लाख बायका-पुरुषांची जबरदस्तीने नसबंदी केली. मग अपंग आणि मनोरुग्णांना मारायला सुरुवात झाली. घरी पत्र यायचं, तुमचा माणूस अमुक आजाराने वारला. एखाद्याचं अपेंडिक्स आधीच काढलेलं असायचं आणि पत्रात लिहिलेलं असायचं की अपेंडिक्सने मेला. घरच्यांना कळायला लागलं. ऑगस्ट 1941 मध्ये म्युन्स्टरच्या बिशपने चर्चमध्ये उभं राहून हा खून आहे असं सांगितलं. त्याच महिन्यात विषारी वायूने मारणं थांबवायचा हुकूम निघाला. तोवर 70 हजारांवर माणसं मेली होती, आणि पुढेही इंजेक्शन देऊन, उपाशी ठेवून मारणं चालूच राहिलं.

ज्यूंचं रेशन कार्ड वेगळं, त्यावर शिक्का. रेशन कमी. त्यांचे रेडिओ काढून घेतले. सप्टेंबर 1941 पासून कपड्यावर पिवळी चांदणी शिवायची सक्ती झाली. मग त्यांना आगगाडीत भरून पूर्वेकडे नेऊ लागले. युद्ध संपेपर्यंत युरोपभरातले सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले.

त्यांच्या रिकाम्या घरातल्या सामानाचं काय झालं? हॅम्बुर्ग शहरात त्याचे जाहीर लिलाव व्हायचे. चादरी, भांडी, शिवणयंत्रं, लेकरांचे कपडे. बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्या बाया यायच्या, घर शाबूत असलेल्याही यायच्या, आणि स्वस्तात घेऊन जायच्या. चादर कोणाची, असं विचारलं तर घेता आली नसती. आणखी एक गोष्ट वाचली ती विसरता येत नाही. मारलेल्या ज्यूंचे कपडे त्याच हिवाळी मदतनिधीकडे वाटायला आले. जानेवारी 1943 मध्ये त्या लोकांनी लेखी तक्रार केली. कपड्यांवर रक्ताचे डाग आहेत, काही जाकिटांवरच्या चांदण्या उसवलेल्याच नाहीत, लोकांना कपडे कुठून आले ते कळेल. तक्रार एवढीच होती. त्या कपड्यांतली माणसं कुठे गेली, हे त्या कागदावर कोणी विचारलेलं नाही.

सगळ्याच बाया अशा होत्या का? नाही. बाया दोन्हीकडे होत्या. बर्लिनच्या उत्तरेला राव्हेन्सब्रुक इथे खास बायांची छळछावणी होती. तिथल्या कैदी बाया आणि त्यांच्यावर पहारा देणाऱ्याही बायाच. नोकरीला लागलेल्या साध्या घरच्या पोरी होत्या त्या. गुप्त पोलिसांची माणसं एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने थोडी होती. त्यांचं बरंच काम शेजाऱ्यांच्या चुगल्यांवर चालायचं. बांधाचं भांडण, नळाचं भांडण, नवऱ्याशी भांडण, सगळं तिथे जाऊन मिटवता यायचं.

आता दुसऱ्या बाजूच्या बाया. बर्लिनमध्ये एलिझ हाम्पेल नावाची घरकाम करणारी बाई होती. त्याच बायांच्या संघटनेत ती काम करायची. 1940 मध्ये तिचा भाऊ लढाईत मेला आणि तिचे डोळे उघडले. ती आणि तिचा कामगार नवरा ओटो यांनी युद्धाविरुद्ध पत्रं लिहायला घेतली. साधी पोस्टकार्डं, अक्षर ओबडधोबड, शुद्धलेखनाच्या चुका. जिन्यात, पत्रपेटीत गुपचूप ठेवायची. दोन वर्षांत दोनशेहून जास्त लिहिली. ज्यांना सापडली त्यांतल्या बहुतेकांनी घाबरून ती पोलिसांत नेऊन दिली. 8 एप्रिल 1943 ला दोघांना मृत्युदंड दिला.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी, बर्लिनच्या रोझेनस्ट्रासे नावाच्या गल्लीत वेगळंच घडलं. ज्यू नवरे असलेल्या जर्मन बायांची माणसं पकडून एका इमारतीत कोंडली होती, सुमारे दोन हजार. बाया दाराशी जमल्या. आमची माणसं परत द्या म्हणून थंडीत उभ्या राहिल्या. बंदुका दाखवल्या, पांगवलं, त्या परत आल्या. आठवडाभर हे चाललं. मार्चमध्ये जवळजवळ सगळे सुटले. ते नेमके कशामुळे सुटले यावर इतिहासकारांत वाद आहे. पण तिथे उभं राहिलेल्या बायांना गोळी घातली गेली नाही, एवढं खरं. त्या कोणी पुढारी नव्हत्या. एकीला बघून दुसरी आली, दुसरीला बघून तिसरी.

आमच्या त्या पोरीला आम्ही हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बहुतेकींनी वाईट काही केलं नाही, फक्त बघितलं नाही." आम्ही गप्प बसलो. कारण तेव्हाच आम्हाला आमची एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय आज उठायचं नाही, असं ठरवून आलो आहोत.

मागच्या वर्षी शिलाई प्रशिक्षणाची यादी आमच्याच हाताने लिहिली होती. वीस नावं, खाली आमची सही. गावाबाहेरच्या वस्तीवरच्या बायांपैकी एकीचंही नाव त्यात नव्हतं. मुद्दाम गाळली का? नाही. निरोपच गेला नव्हता. "त्या येत नाहीत," असं कोणीतरी म्हणालं आणि आम्ही मान डोलावली. प्रशिक्षण झालं, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. नंतर त्यांतली एकजण बाजारात भेटली आणि म्हणाली, "ताई, आम्हालाही सुई धरता येते." बाकी काही बोलली नाही.

जर्मनीत झालं त्याची आणि याची बरोबरी आम्ही करत नाही. तिथे सरकारने ठरवून माणसं मारली. पण कर्जाच्या चिठ्ठ्या घेणाऱ्या, पदक मिरवणाऱ्या, लिलावात चादर घेणाऱ्या बायांना आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नव्हतं. यादीत आपलं नाव आहे ना, एवढंच त्यांनी पाहिलं. आम्हीही त्या दिवशी तेवढंच पाहिलं होतं.

म्हणून आमच्या गटाने एक नियम केला आहे. कोणतीही यादी झाली की सहीआधी ती मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारायचं, "यात कोण नाही?" जी नाही, ती का नाही, ते इतिवृत्तात लिहायचं. "त्या येत नाहीत" हे उत्तर चालणार नाही. विचारायला कोण गेलं होतं, तिचं नाव लिहायचं. पहिल्या वेळी वेळ लागला, थोडी कुरकुर झाली. या खेपेला मसाल्याच्या प्रशिक्षणाला वस्तीवरच्या सहाजणी आल्या आहेत. बाजारात भेटलेली ती ताईही आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न विचारून बघा. काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा, आम्ही ते याच रेडिओवर वाचून दाखवू. चला, भाकरी करपायच्या आत उठतो. नमस्कार.